निर्लेखनाच्या ठरावाविरुद्ध

आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या गेल्या महिन्यातील बैठकीत ‘व्हायरस लागलेल्या जुन्या लॅपटॉपचे निर्लेखन करून नवा लॅपटॉप खरेदी करणे’ हा विषय चर्चेला आला आणि ज्या यंत्रावर अकरा हजारांहून अधिक ग्रंथांची दाखल यादी, सभासदांच्या वर्गणीचा अकरा वर्षांचा हिशेब व अनुदानाच्या प्रस्तावांचे सारे दप्तर सांभाळले गेले होते, त्याच्या भवितव्याचा निकाल चहा येण्याच्या आत लागला. विरुद्ध मत माझे एकट्याचे होते. ते इतिवृत्तात नोंदवून घ्यावे असा आग्रह मी धरला, तेव्हा चिटणीसांनी ‘तुमचे म्हणणे लेखी द्या, पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम करण्यापूर्वी वाचून दाखवू’ असे सांगितले. हे ते लेखी म्हणणे. लिहायला बसल्यावर मात्र ते आमच्या मंडळापुरते राहिले नाही, कारण मंडळात जे मत निघाले तेच मी गेली कित्येक वर्षे नातलगांच्या घरी, शाळांच्या कचेऱ्यांत आणि दुरुस्तीच्या दुकानांच्या पायऱ्यांवर ऐकत आलो आहे, आणि ते ऐकून गप्प बसण्याची माझी ताकद आता संपली आहे.

ते मत असे. लॅपटॉप जुना झाला, त्यात त्याला व्हायरस लागला. म्हणजे त्याचे आयुष्य संपले. एकदा व्हायरस शिरला की तो आतून कधीच पुरता जात नाही. फार तर दुकानात नेऊन ‘फॉरमॅट मारून’ घ्यावा, महिनाभर चालला तर चालला. पण त्याच्यामागे पैसा आणि दिवस घालवणे हा शुद्ध वेडेपणा होय. जुन्या यंत्राला आजची प्रणाली पेलवत नाही, नवे हप्त्यावर मिळते, आणि प्रणाली बसवणे हे काही आपल्यासारख्यांचे काम नव्हे. या मताचे कोणतेही अंग मी झाकून ठेवलेले नाही. ते मांडणारी माणसे सज्जन आहेत, वाचनालयासाठी पदरमोड करणारी आहेत. तरीही त्यांच्या या मतातील एकूण एक वाक्य चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का आहे हे मी सांगणार आहे.

माझी सारी नोकरी जिल्ह्याच्या लेखा विभागात गेली. निर्लेखनाची शेकडो प्रकरणे माझ्या हातून गेली आहेत, आणि त्या प्रत्येक प्रकरणात मी आधी एकच कागद शोधत असे: वस्तू दुरुस्तीपलीकडे गेली आहे, असा जाणत्या माणसाचा दाखला. मोडक्या खुर्चीलाही जो दाखला लागतो, तो या लॅपटॉपच्या बाबतीत कोणी मागितला का? त्याचा पडदा फुटला आहे का? कळफलकाची एक तरी कळ उखडली आहे का? बॅटरी तासभर तग धरत नाही हे खरे. पण वाचनालयात तो भिंतीतल्या प्लगवरच चालतो. मग नेमके काय बिघडले आहे? बिघडली आहे ती त्याच्या डिस्कवर लिहून ठेवलेली ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे यंत्राला कामाला लावणारी आज्ञावली. ती पुसता येते आणि पुन्हा लिहिता येते. किंबहुना पुसता यावी नि लिहिता यावी यासाठीच डिस्क नावाची वस्तू निर्माण झाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे तर औषधाचीही तसदी न घेता पखाल फाडून टाकायला आपण निघालो आहोत.

‘व्हायरस आतून कधीच जात नाही’ हा जो समज आहे, त्याच्या मुळाशी मला विटाळाची जुनी कल्पना दिसते. शिवले की बाटले, आणि बाटले की कायमचे गेले. माणसामाणसांतील विटाळ घालवण्यासाठी या महाराष्ट्राने केवढा झगडा केला. आणि आज सुशिक्षित माणसे एका यंत्राला तोच न्याय निःशंकपणे लावतात. संगणकाचा व्हायरस ही काही अदृश्य बाधा नव्हे. ती कोणा माणसाने लिहिलेली आज्ञावली असते, तिला राहायला जागा लागते, आणि ती जागा शोधून दाखवता येते. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’, जो व्यक्तिगत संगणकावरील अगदी पहिल्या व्हायरसांत मोजला जातो, फ्लॉपीच्या आरंभीच्या भागात, बूट सेक्टरमध्ये, घर करून राही; तो भाग नव्याने लिहिला की ब्रेन नाहीसा. आज आपल्या पेनड्राइव्हवरून येणारे व्हायरस फाइलींच्या रूपाने डिस्कवर बसतात आणि संगणक सुरू होताच आपल्याला हाक मारली जावी अशी एक नोंद प्रणालीत करून ठेवतात. डिस्कवरील सर्व विभाग काढून टाकून नवी प्रणाली बसवल्यावर ती फाइलही राहत नाही आणि ती हाकही राहत नाही. मग ‘आतून’ म्हणजे नेमके कोठून?

डिस्कच्या बाहेर, मदरबोर्डवरील चिपमध्ये शिरणारे व्हायरस असतात, हे मला ठाऊक आहे, आणि या एका मुद्द्याचा मान मी ठेवतो. १९९९ च्या २६ एप्रिलला ‘सीआयएच’ व्हायरसने पुष्कळ संगणकांच्या बायोस चिपवरील मजकूर खराब केला होता, आणि २०१८ मध्ये ‘ईसेट’ या संस्थेच्या संशोधकांनी ‘लोजॅक्स’ हा असाच खोलवर शिरणारा प्रकार उघडकीस आणला, जो बाल्कन आणि मध्य व पूर्व युरोपातील सरकारी कचेऱ्यांवर मुद्दाम सोडलेला होता. परराष्ट्रांच्या गुप्त दप्तरांसाठी घडवलेले ते हत्यार तालुक्याच्या गावच्या वाचनालयातील वर्गणीच्या यादीवर कोण कशाला चालवील? आणि उद्या चालवलेच, तरी चिपवरील मजकूर नव्याने लिहिणारे कारागीर लॅमिंग्टन रोडवर आहेत, पुण्याच्या तपकीर गल्लीत आहेत.

आता आमच्या लॅपटॉपला खरोखर काय झाले ते सांगतो, कारण या सर्व वादात ते पाहण्याचे कष्ट कोणीच घेतले नाहीत. अनुदानाच्या प्रस्तावाची प्रत काढण्यासाठी पेनड्राइव्ह एका झेरॉक्सच्या दुकानात गेला. गावातील निम्म्या कचेऱ्यांचे आणि सगळ्या कॉलेजांचे पेनड्राइव्ह ज्या एका संगणकात दिवसभर घातले जातात, त्याच संगणकात तोही घातला गेला. परत आल्यावर तो आमच्या लॅपटॉपला लावला, तेव्हा आतील फोल्डरांच्या पिवळ्या चित्रांवर डाव्या कोपऱ्यात एकेक लहानसा बाण उमटलेला होता. त्यावर दोनदा टिचकी मारली की फोल्डर उघडे, आतले कागद दिसत, आणि म्हणून ग्रंथपाल ताईंना काहीच वावगे वाटले नाही. ते फोल्डर नव्हतेच. तो दीड-दोन केबीचा शॉर्टकट होता; टिचकीसरशी तो आधी व्हायरसला जागे करी आणि मग खरे फोल्डर उघडून दाखवी. दोन दिवसांत डी ड्राइव्हवरील प्रत्येक फोल्डरची तीच गत झाली. चौथ्या दिवशी कोणीतरी ते सारे शॉर्टकट ‘व्हायरस’ म्हणून पुसून टाकले, आणि पडद्यावर काहीच उरले नाही. अकरा हजार ग्रंथांची यादी गेली, असा गावभर बोभाटा झाला.

ती यादी कोठेही गेलेली नव्हती. मी एका पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट उतरवून घेतले, तो लॅपटॉपला लावला, सुरू करताना बूट मेनूत जाऊन डिस्कऐवजी पेनड्राइव्ह निवडला, आणि यंत्र त्या परक्या प्रणालीवर चालू झाले. विंडोजमधील ‘लपवलेले’ ही खूण लिनक्सचा फाइल-दर्शक जुमानीत नाही. डी ड्राइव्ह उघडला आणि ‘दाखल नोंद’, ‘वर्गणी’, ‘अनुदान’, ‘दिवाळी अंक’ ही सगळी फोल्डरे जिथल्या तिथे, तारखांसकट, समोर आली. एक अक्षरही पुसले गेले नव्हते. व्हायरसने त्यांच्यावर केवळ पडदा टाकला होता. ग्रंथपाल ताई माझ्या शेजारी उभ्या होत्या. गेले आठ दिवस ज्या बाईंनी आपल्या हातून अकरा वर्षांचे काम बुडाले असे मानून धड जेवण केले नव्हते, त्यांच्या डोळ्यांत त्या क्षणी जे पाणी आले, ते निर्लेखनाच्या ठरावाला हात वर करणाऱ्या एकाही सदस्याने पाहिलेले नाही.

मधल्या काळात मंडळाने लॅपटॉप एका दुकानात पाठवला होता. त्या प्रकाराबद्दल मला सर्वांत अधिक बोलायचे आहे, कारण ‘फॉरमॅट मारला तरी व्हायरस परत येतो’ हा जो अनुभव सगळेजण छातीवर हात ठेवून सांगतात, त्याची जननी ही दुकानी रीत आहे. दुकानदाराने काय केले? सी ड्राइव्ह पुसला, त्यावर विंडोजची एक प्रत चढवली आणि डी ड्राइव्हला हात लावला नाही, कारण ‘डेटा तिथे असतो’. शॉर्टकटांना खाद्य पुरवणारी मूळ फाइल तर डीवरच बसलेली होती. पहिल्याच दिवशी ती पुन्हा जागी झाली आणि नव्या विंडोजमध्ये जुना पाहुणा दाखल झाला. याला पुनःस्थापना म्हणायचे? घराच्या एका खोलीला चुना लावला आणि शेजारच्या खोलीतील वाळवी तशीच ठेवली, तर महिन्याभराने दोष घराला द्यायचा की गवंड्याला?

याहून गंभीर गोष्ट अशी की, त्याने चढवलेली विंडोज अधिकृत नव्हती. ती ‘अॅक्टिव्हेट’ करण्यासाठी त्याने एक क्रॅक चालवला, आणि तो चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद केला. या क्रमाकडे नीट पाहावे, ही माझी प्रत्येक वाचकाला हात जोडून विनंती आहे. व्हायरस काढण्यासाठी यंत्र ज्याच्या स्वाधीन केले, त्याने रखवालदाराला बाहेर काढले, अज्ञात माणसाने लिहिलेली आज्ञावली संपूर्ण अधिकारानिशी आत सोडली, आणि त्या कामाचे पाचशे रुपये घेतले. कुंपणानेच शेत खाल्ले. आणि हे सारे कशासाठी? आमचा लॅपटॉप २०१४ साली, एका सभासद बाईंनी आपल्या दिवंगत पतीच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून घेतलेला, विंडोज ८.१ सह आलेला. विंडोज ८ पासून अशा यंत्रांची परवान्याची कळ कारखान्यातच मदरबोर्डवरील चिपमध्ये नोंदलेली असते. पुढे त्यावर विंडोज १० चढवली गेली तेव्हा तो परवाना त्याच यंत्राच्या नावाने कंपनीच्या दप्तरी लागला. मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साधनाने आठ जीबीच्या पेनड्राइव्हवर प्रत तयार करून तीच आवृत्ती पुन्हा बसवली असती, तर इंटरनेट जोडताच ती आपोआप अधिकृत ठरली असती. कळ विचारली गेली नसती, पैसा पडला नसता. पैसे मोजून घेतलेला खरा परवाना यंत्राच्या पोटात असताना आपण चोरीची प्रत विकत घेतली. हजारो घरांत आज हेच चाललेले आहे, आणि यात अनैतिकतेपेक्षा मला अज्ञानाचे दुःख अधिक होते.

तेव्हा खरी पुनःस्थापना कशी असते ते सांगितले पाहिजे. आधी लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून यंत्र चालू करून हवे ते कागद बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यायचे. काढताना कोष्टके, पत्रे, छायाचित्रे, पीडीएफ एवढेच घ्यायचे, आणि ज्याच्या नावाअंती ‘ईएक्सई’ आहे किंवा जो शॉर्टकट वा स्क्रिप्ट आहे त्याला शिवायचे नाही, मग तो कितीही ओळखीचा वाटो. नव्या प्रणालीची प्रत दुसऱ्या, निर्मळ संगणकावर, ती बनवणाऱ्यांच्याच संकेतस्थळावरून उतरवायची. लिनक्सच्या प्रतीबरोबर चौसष्ट अक्षरांची एक ओळखखूण दिलेली असते, ती आपल्या प्रतीशी ताडून पाहायची. मग बसवताना डिस्कवरील सगळे विभाग, सी, डी आणि कारखान्याने ठेवलेला रिकव्हरीचा विभागसुद्धा, पुसून टाकायचे आणि कोऱ्या डिस्कवर सुरुवात करायची. प्रणाली बसल्यावर पहिले काम अद्ययावतीकरणाचे, दुसरे काम काढून ठेवलेले कागद तपासून मग परत घेण्याचे. आणि ईमेलचे, बँकेचे सारे पासवर्ड बदलायचे, कारण व्हायरस आत होता त्या काळात काय काय बाहेर गेले हे कोणी सांगू शकत नाही. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे व्हायरस काढण्याची काही साधने २०१७ पासून विनामूल्य मिळतात; संशयित पेनड्राइव्ह तपासण्यासाठी तीही घ्यावीत. यातले कोणते काम माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे? मला एक रविवार लागला, त्यातील अर्धा दिवस फायली निवडण्यात गेला. खुद्द प्रणाली बसायला अर्धा तास पुरला.

‘जुने यंत्र म्हणून व्हायरस लागतो’ असे खजिनदारांनी बैठकीत म्हटले होते. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ या व्हायरसने जगभरातील रुग्णालये, कारखाने आणि कचेऱ्या बंद पाडल्या, तेव्हा ज्या छिद्रातून तो शिरला ते बुजवणारी दुरुस्ती १४ मार्चलाच प्रसिद्ध झालेली होती. दोन महिने ज्यांनी ती घेतली नाही ते बुडाले, मग यंत्र पाच वर्षांचे असो वा पाच महिन्यांचे. त्याच वर्षी २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला, आणि त्याचा फटका आपल्या दारापर्यंत, न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलपर्यंत, पोहोचला. तो एका युक्रेनी हिशेब-आज्ञावलीच्या अद्ययावतीकरणातून पसरला होता. त्याने कोणाचेही वय विचारले नाही. मर्स्कच्या अध्यक्षांनी पुढे जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितले, की दहा दिवसांत सुमारे चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले, आणि त्या साऱ्या कामाला त्यांनी शब्द वापरला तो पुनःस्थापनेचा. जगातील एवढी मोठी जहाज कंपनी ज्या उपायाने पुन्हा समुद्रावर आली, तो उपाय एका वाचनालयाच्या एकुलत्या लॅपटॉपला मात्र वेडेपणा ठरतो, हे कोणत्या न्यायाने?

आता यंत्राच्या वयाची गोष्ट. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. आमच्या लॅपटॉपवर ती रीतसर बसत नाही. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. म्हणजे रस्ता संपला, असे मंडळ म्हणते. एका कंपनीने आपला रस्ता बंद केला म्हणून यंत्राचे चालणे संपते का? १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्याने जे काम सुरू केले आणि जगभरच्या हजारो माणसांनी पुढे नेले, त्या लिनक्सची मिंट ही आवृत्ती दोन जीबी रॅमवर उभी राहते, चार जीबीवर सुखाने चालते, आणि आज बसवलेल्या तिच्या बाविसाव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. आमच्या यंत्रात चार जीबीच आहे. सी-डॅक, जिचे मुख्यालय आपल्या पुण्यातच आहे, तिने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स भारतीय भाषांसाठी मुद्दाम तयार केली. मराठी लिहायला इन्स्क्रिप्ट कळपाट त्यात असतोच. आमची कोष्टके लिब्रे ऑफिसमध्ये जशीच्या तशी उघडली. आणि ग्रंथालयापुरते बोलायचे, तर ‘कोहा’ ही ग्रंथालयाची मुक्त आज्ञावली न्यूझीलंडमधल्या एका लहानशा ग्रंथालयाने आपल्या गरजेपोटी करवून घेतली आणि जगाला देऊन टाकली; तिच्या नावाचा माओरी भाषेतील अर्थ भेट. देणगीच्या पैशांतून घेतलेल्या यंत्रावर अशी देणगी चालावी, यासारखे उचित काय आहे?

एक मर्यादा मान्य करतो. ज्यांचे पोट श्रीलिपीच्या डाँगलवर किंवा टॅलीवर आहे, त्या छापखान्यांनी आणि हिशेबनिसांनी विंडोज सोडू नये. जुन्या फाँटात टंकलेली त्यांची पाने लिनक्सवर अगम्य चिन्हांची रांग होऊन उमटतील. त्यांनी विंडोजच नव्याने, अधिकृत प्रतीवरून बसवावी, आणि ज्या यंत्राचा आधार संपला आहे ते इंटरनेटपासून तोडून केवळ कामापुरते ठेवावे. पण आमच्या वाचनालयात यातले काय आहे? आमची यादी युनिकोडमध्ये आहे.

यंत्र संथ चालते, ही तक्रार खरी होती. त्याला कारण व्हायरस थोडा आणि जुनी फिरती हार्ड डिस्क फार. खालचे झाकण उघडले, आठ-दहा स्क्रू काढून ठेवले, पाचशे जीबीची डिस्क सरकवून बाहेर घेतली आणि त्याच जागी एसएसडी बसवली. खर्च नव्या लॅपटॉपच्या दशांशाच्या आसपास. पंख्याच्या जाळीत बसलेला धुळीचा जाड थर, एखाद्या उशीच्या कापसासारखा, चिमट्याने ओढून काढला. पूर्वी सुरू व्हायला जे यंत्र चार मिनिटे घेई, ते आता अर्ध्या मिनिटात तयार असते.

‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ हे वाक्य मला सर्वांत अधिक लागले. ही असहायता कोणी शिकवली? सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर, ज्यांचे शालेय शिक्षण दहावीच्या पुढे गेले नाही, ते पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत. दुकानात दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने ग्रासलेले असत. धाकटे बंधू संजय यांनी ते काढणारी आज्ञावली लिहिली, आणि त्यातून क्विक हील ही कंपनी उभी राहिली. दुरुस्तीच्या एका टेबलावरून, समोरचे यंत्र बरे केलेच पाहिजे या हट्टातून, हा उद्योग निघाला. काटकर बंधूंनी प्रत्येक ग्राहकाला ‘टाकून द्या, नवे घ्या’ असे सांगितले असते, तर? ज्या भूमीत हे घडले, त्याच भूमीतल्या वाचनालयाच्या मंडळाने, जिथे दोन अभियंते आणि एक निवृत्त विज्ञान शिक्षक बसतात, ‘आपल्याला जमणार नाही’ म्हणावे, याची मला लाज वाटते.

आणि टाकून दिलेले यंत्र जाते कोठे? ‘भंगारवाला नेतो’ हे उत्तर नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, आणि त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. उरलेल्याचा मोठा भाग दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांत, उघड्या हातांनी तारा जाळून तांबे काढणाऱ्या माणसांच्या श्वासात जातो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी स्वतंत्र संकेतस्थळ सुरू केले. हक्क मागायचा सरकारने आणि वापरायचा कोणीच नाही? उवा झाल्या म्हणून गोधडी टाकू नये, हे आपल्या आजीला कळत होते. त्या गोधडीत घरातल्या किती माणसांची लुगडी-धोतरे शिवलेली आहेत, हे तिला ठाऊक होते म्हणून. आमच्या लॅपटॉपच्या झाकणावर आतल्या बाजूला देणगीदार बाईंच्या पतीचे नाव चिकटवलेले आहे. त्या बाई आजही दर गुरुवारी वाचनालयात येतात. निर्लेखनाचा ठराव त्यांना कोण वाचून दाखवणार आहे?

म्हणून माझे लेखी म्हणणे असे, की सदर लॅपटॉप दुरुस्तीपलीकडे गेलेला नाही. त्याला झालेला बिघाड आज्ञावलीचा होता आणि तो संपूर्ण पुसला गेला आहे. त्यावर निर्मळ प्रतीवरून प्रणाली बसवली आहे. एकही ग्रंथनोंद गहाळ नाही. आणि दाखल्याशिवाय केलेला निर्लेखनाचा ठराव नियमाबाहेर आहे, तो रद्द व्हावा. नव्या लॅपटॉपसाठी बाजूला काढलेली रक्कम ग्रंथखरेदीत वर्ग करावी. बैठकीच्या दिवशी मी यंत्र टेबलावर ठेवून सुरू करीन. कोणत्याही सदस्याने कोणतेही पुस्तक मागावे. ग्रंथपाल ताई त्याचा दाखल क्रमांक त्यावरून सांगतील. त्यानंतर ज्यांना जडसंग्रह नोंदवहीतील या यंत्राच्या नोंदीवर आडवी रेघ मारायची असेल, त्यांनी ती स्वतःच्या हाताने मारावी आणि खाली सही करावी.